वडील, नग एक

शेवटी सरकार जिंकलं आणि आमचे वडील सरकारजमा झाले. पावतीवर 'जंगम, नग एक, चालू स्थितीत' असं लिहून त्यांना टेम्पोत चढवलं, दोऱ्या आवळल्या, आणि टेम्पो सोसायटीच्या गेटमधून उजवीकडे वळला.

हे तुम्ही वाचलंच नाही असं धरा. असं काही अजून झालेलं नाही. वडील घरीच आहेत, हॉलमध्ये, गॅलरीच्या दाराशी, आणि आई त्यांच्याशी बोंबलाच्या भावावरून भांडतेय.

एवढंच ध्यानात ठेवायचं, की ते वारलेले आहेत.

आमची जमीन जासईच्या बाजूला होती. भातशेती, बांध, आणि बांधापलीकडे खाडी. सरकारने ती घेतली, कारण कंटेनर ठेवायला जागा हवी होती आणि कंटेनरला माणसासारखं 'जरा सरकून बसा' म्हणता येत नाही. सरकारने भाव दिला. बाबा कोर्टात गेले, कोर्टाने भाव वाढवून दिला. सरकार वरच्या कोर्टात गेलं, वरच्या कोर्टाने भाव कमी केला. या दोन कोर्टांच्या मधल्या वर्षांत बाबांनी वाढीव पैसे संपवून टाकले होते. रुतिकाताईचं लग्न, खांदेश्वरचा फ्लॅट, आणि आईच्या मासळीच्या धंद्यासाठी एक आडवा डीप फ्रीजर.

मग सरकार म्हणालं, जास्तीचे परत द्या. बाबा म्हणाले, जमीन परत द्या, पैसे देतो. सरकार म्हणालं, जमिनीवर कंटेनर आहेत. बाबा म्हणाले, पैशावर फ्रीजर आहे. हा सगळा संवाद वकिलांमार्फत झाल्यामुळे त्याला बरीच वर्षं लागली.

फ्रीजर किचनमध्ये मावेना, म्हणून हॉलमध्ये आला. वर उघडणारं सपाट झाकण, माणूस पाय लांब करून झोपेल एवढी लांबी. बाबा जन्मभर दुपारी जेवून बांधावर बसलेले. फ्लॅटला बांध नव्हता. म्हणून ते जेवून फ्रीजरवर बसायचे, तोंड गॅलरीकडे, आणि समोरच्या बिल्डिंगीकडे खाडीकडे बघावं तसं बघायचे. मध्येच घसा खाकरून सांगायचे, "पानी चढाय लागला." समोरच्या बिल्डिंगीला आठवड्यातून दोनदा पाणी नसायचं. तरी बाबा सांगायचे.

वारलेही तिथेच. आई म्हणाली, "उठा, मना सुरमई काढायचीय." ते उठले नाहीत. आई पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा तिने रागावून खांद्याला हात लावला. गिऱ्हाईक दारात उभं होतं. सुरमई त्या दिवशी निघालीच नाही.

वर्ष उलटलं आणि एका दुपारी कोर्टाचे बेलिफ आले. जयप्रकाश परब, कुडाळकडचे, खाकी पिशवी, बरोबर दोन पंच. पंच म्हणजे खालच्या इस्त्रीवाल्याला आणि त्याच्या गिऱ्हाइकाला धरून आणलं होतं. गिऱ्हाइकाच्या अंगात बनियन होतं, शर्ट इस्त्रीत होता.

"निर्णीत ऋणको गोटीराम हिरू घरत कोण?"

निर्णीत ऋणको म्हणजे ज्याने पैसे द्यायचेत असं कोर्टाने ठरवून टाकलंय तो.

"वारले," मी म्हणालो.

"वारस?"

"मी मितेश, ही आई. ताई सासरी."

"मग झालं तर," बेलिफ म्हणाले, जसं काही वारणं ही पत्ता बदलण्यासारखी किरकोळ बाब होती. मग त्यांनी समजावून सांगितलं. वारसांनी घाबरायचं कारण नाही. वारसांच्या खिशातून काही जात नाही. फक्त मयताच्या नावचं जे मागे राहिलंय, ते न्यायचं. फ्लॅट आईच्या नावावर होता, तो वाचला. बाबांच्या नावचे तीन जिन्नस निघाले. एक बंद घड्याळ, एक छत्री आणि फ्रीजर. दुकानाच्या बिलावर गोटीराम घरत असं ठसठशीत लिहिलेलं.

"घड्याळ न्या," मी म्हणालो. "छत्री न्या. पाहिजे तर बरोबर माझाही रेनकोट देतो."

"फ्रीजर," बेलिफ म्हणाले.

तेवढ्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दिनानाथकाका आत आले. कुणाच्याही दाराशी अनोळखी चपला दिसल्या की ते यायचे. काका मूळचे सातारकडचे, मंत्रालयात विधी खात्यात टायपिस्ट म्हणून रिटायर झालेले. कायदा त्यांच्या बोटांतून गेला होता. वाटेत डोकं लागलं नव्हतं.

"मितेश," ते माझ्या कानात म्हणाले, "देवाला जप्ती लागत नाही."

"देव देवघरात आहे काका. ते कुठे देव न्यायला आलेत?"

"देव कुठेही असू शकतो. मी स्वतः टाइप केलंय."

पंचांनी फ्रीजरच्या खाली हात घातले. किचनमधून आई धावत आली. ती पापलेटांना हळद-मीठ लावत होती. तशीच आली आणि दोन्ही हात झाकणावर दाबून उभी राहिली.

"ह्यो घरातून जायाचा नाय," ती म्हणाली. "मना उचला, मंग ह्याला उचला."

हात उचलले तेव्हा पांढऱ्या झाकणावर दहा पिवळी बोटं उमटली होती.

"बघा!" काका ओरडले. "पूजा चालू आहे! चालू पूजेला हात लावताय तुम्ही!"

बेलिफांनी पिवळी बोटं पाहिली. वास पाहिला. "पूजेक पापलेटाचो वास?"

"आगरी पूजा आहे," काका म्हणाले. काकांनी आयुष्यात पापलेट पाहिलं नव्हतं.

"देव कोणता?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी फ्रीजरकडे पाहिलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

"बाबा," मी म्हणालो. "बाबाच आहेत आत."

आता कुणीतरी हसायला पाहिजे होतं. बेलिफ हसायलाच निघाले होते. हसता हसता त्यांनी झाकणावर हात टेकला आणि लगेच काढून घेतला.

"ह्यां गरम कसां?"

"चालू आहे ना," मी म्हणालो.

"चालू असल्यार गार लागता रे बाबा."

त्यांनी पुन्हा हात ठेवला. इकडे गार, तिकडे गार. मधोमध, गॅलरीच्या बाजूला, एक माणूस बसेल एवढीच जागा गरम. नुकताच कुणी उठून गेल्यावर खुर्ची असते तशी. बेलिफ दोन पावलं मागे गेले, चपला दाराबाहेर काढून आले, पंचांनाही काढायला लावल्या, आणि उभ्यानेच पंचनामा लिहिला, 'सदर डीप फ्रीजरमध्ये निर्णीत ऋणको मयत गोटीराम यांचे वास्तव्य असून कुटुंबीय त्यांची देव म्हणून पूजा करतात. सबब जप्ती केली नाही.'

इस्त्रीवाल्याने सही केली. बनियनवाल्याने झाकणाला नमस्कार करून सही केली.

ते गेल्यावर मी हात लावून पाहिला. खरंच गरम होतं. मी आईकडे बघितलं.

"रोज दुपारचा असतो," आई म्हणाली. "आज काय नवीन हाय?"

"तू बोलली नाहीस कधी!"

"तू इचारलास कदी?" ती पापलेटांकडे परत गेली.

म्हणजे मी जे खोटं बोललो ते खरं होतं. असं खोटं बोलण्यात काही मजा उरत नाही. त्या दिवसापासून मी हॉलमध्ये झोपणं बंद केलं.

सरकारी पंचनाम्यात नाव आल्यावर बाबांनाही जरा बळ आलं असावं. आधी नुसती बैठक गरम व्हायची. आता दुपारी घसा खाकरल्याचा आवाज यायचा. वीज गेली की सगळ्या बिल्डिंगीतले फ्रीज गप्प व्हायचे, आमचा घुमत राहायचा. एकदा मी प्लग काढून हातात धरून बसलो. तो घुमतच होता. झाकण उघडलं की गारव्याबरोबर ओल्या शेताचा वास यायचा, भाताची लावणी झाल्यावर येतो तो, आणि त्याच्या खाली खाडीचा खारा. बर्फ जिभेवर ठेवला तर खारट लागायचा.

अडचण एकच होती. आत मासळी ठेवायची नाही असं काकांनी बजावलं.

"साठ वर्षं बोंबील खाल्लं त्यानी," आई म्हणाली. "आता मेल्यावर बाट लागते काय त्याला?"

"वहिनी, कोर्टाची तपासणी आली आणि देवाच्या मांडीवर बोंबील निघाले तर? मग तो देव राहील का?"

आईने मासळी प्लास्टिकच्या टबांत बर्फ घालून बाथरूममध्ये ठेवली. बर्फ विकत आणायचा, तो दुपारपर्यंत पाणी. निम्मा धंदा त्या पाण्यात वाहून गेला. ज्या फ्रीजरसाठी भांडलो तो घरात होता आणि मासे त्याच्याकडे बघत सडत होते. तरी आई एकदाही म्हणाली नाही, की जाऊ दे, नेऊ देत.

सोसायटीत बातमी पसरली. पहिल्या मजल्यावरची नंदिनीवहिनी दुपारी आली आणि थकलेल्या लाइट बिलाचा कागद झाकणावर ठेवून हात जोडून उभी राहिली. मग हाउसिंग लोनवाले आले. सरकारला पुरून उरलेला देव, असं बाबांचं नाव झालं. स्वतः काकांनी सोसायटीच्या पाणीपट्टीची नोटीस आणली. आई सगळ्यांना चहा द्यायची आणि म्हणायची, "त्याला काय येत नाय वो. त्याचाच बाकी हाय."

मग कोर्टातून बोलावणं आलं.

आमची वकील वैदेही बापट, बी विंगमध्ये राहायची, सनद मिळून फार दिवस झाले नव्हते. फी म्हणून ती कोलंबी घ्यायची आणि आपल्या घरी सांगायची नाही. समोर सरकारी वकील. बारीक, शांत माणूस, चष्मा पुसत बोलणारा. मला वाटलं होतं तो पंचनामा वाचून खदाखदा हसेल. तो हसला नाही. त्याने पंचनामा दोनदा वाचला आणि त्याच्या चेहऱ्यावर हरवलेली चावी सापडल्यासारखं समाधान पसरलं.

"कोर्टाच्याच बेलिफांचा अहवाल आहे," तो म्हणाला. "मयत इसम फ्रीजरमध्ये राहतो. कुटुंब त्याला देव मानतं. देव ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. देवाच्या नावे जमीन असते, देव दावा लावतो, देवावर दावा लागतो. म्हणजे मूळ ऋणको उपलब्ध आहे. आम्ही उगाच वारसांच्या मागे लागलो, त्याबद्दल सरकारला खेद आहे. वारसांना वगळावं आणि गोटीराम घरत यांना समन्स काढावं."

वैदेही उठली, बसली, पुन्हा उठली. "मेलेला माणूस मी शिकलेय," ती मला हळूच म्हणाली. "देवही शिकलेय. दोन्ही एकात असलेला पेपरला नव्हता."

समन्स निघालं. परब पुन्हा आले, या वेळी चपला खाली जिन्यापाशीच काढून, हातात नारळ. नियमाप्रमाणे समन्स ज्याचं त्याला पोचवून पोच घ्यायची.

"काय करू?" त्यांनी आईला विचारलं.

"आत ठेवा आनी चाय घ्या."

परबांनी झाकण उघडून कागद ठेवला. चहा झाला. बिस्किटं झाली. कुडाळच्या पाण्याबद्दल बोलून झालं. मग झाकण उघडलं. कागद कडक गोठला होता, टोकाला धरला तर पापडासारखा मोडला असता. फक्त खाली, पोच देणाऱ्याच्या सहीच्या जागी, अंगठ्याएवढा गोल वितळून ओला झाला होता. बाबा अंगठाच करायचे.

आईने तो ओला गोल पाहिला. पदराने टिपायला हात पुढे केला, आणि टिपला नाही.

"बजावणी झाली," परब म्हणाले. मग त्यांनी आणलेला नारळ झाकणावर ठेवला.

तारखेला बाबा गेले नाहीत. कसे जाणार? आई गेली. न्यायाधीश पोक्त होते, त्यांच्या टेबलावर दरखास्तींचा, म्हणजे वसुलीच्या अर्जांचा, ढीग होता, आणि पंखा त्या ढिगाचे कोपरे एकेक उचलून बघत होता. त्यांनी चष्म्यावरून आईकडे पाहिलं.

"बाई, एकच विचारतो. तुमचे मिस्टर त्या फ्रीजरमध्ये आहेत की नाहीत?"

वैदेहीने माझं मनगट धरलं. तेव्हा मला कळलं. आई 'नाही' म्हणाली तर तो नुसता फ्रीजर. बाबांच्या नावचा. जप्त. आई 'हो' म्हणाली तर आत ऋणको. ताब्यात घ्या. माझ्या एका थापेने दोन्ही दारांना बाहेरून कडी लागली होती. कोर्टात सगळे आईच्या तोंडाकडे बघत होते. सरकारी वकील चष्मा पुसत होता. त्याला कुठलंही उत्तर चाललं असतं.

"साहेब," आई म्हणाली, "दुपारचा असतो."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. ढिगातून पंचनामा काढून पुन्हा वाचला. मग त्यांनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता स्टेनोला सांगितलं, "सदर नग वस्तू असल्यास वस्तू म्हणून, व्यक्ती असल्यास व्यक्तीसह जप्त करून लिलाव करावा. देवपणाबद्दल हे कोर्ट मत देत नाही."

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "म्हंजे?"

"म्हणजे नेणार," मी म्हणालो.

"दुपारचा नका नेव म्हनाव. निदान त्याचा बसना होव दे."

लिलावाआधी दवंडी पिटायची असते. कायद्यात तसं आहे, ढोल वाजवून जाहीर करायचं. कोर्टाला सरकारी दरात ढोलवाला मिळेना. परबांनी मलाच विचारलं. मी माझा मित्र सदू याला बोलावलं. सदूची बेंजो पार्टी होती, तो ताशा वाजवायचा. पण सदूला हळदीची चाल सोडून काही येत नव्हतं. सोसायटीच्या कंपाउंडमध्ये भर दुपारी हळदीचा ताशा सुरू झाला आणि मधल्या मधल्या जागी परब ओरडत होते, "ऐका हो ऐका! निर्णीत ऋणको गोटीराम हिरू घरत यांचा डीप फ्रीजर!" वरून बायका डोकावल्या. दोन पोरं नाचायला लागली. सी विंगमधून कुणीतरी विचारलं, "नवरा कोण आहे?"

वर हॉलमध्ये मी आईबरोबर होतो. फ्रीजर घुमायचा थांबला. हळदीला ताशा लागला की बाबा कुठेही असले तरी उठून उभे राहायचे, गुडघे दुखत असले तरी. झाकणावरची गरम जागा मी हाताने चाचपली. गार होती. मग फरशीवर, फ्रीजरच्या समोर, दोन पावलांएवढी जागा ओली झाली. चिखलाची.

"बसा," आई म्हणाली. "तुमचा लगीन नाय हाय."

ओल वाळली. फ्रीजर पुन्हा घुमू लागला.

लिलाव कंपाउंडमध्येच झाला. फ्रीजर खाली आणला होता, नारळाच्या झाडाच्या सावलीत. न्यू पनवेलचा एक भंगारवाला आला, एक हॉटेलवाला आला. हॉटेलवाल्याने झाकण उघडलं, आत वाकून वास घेतला, आणि मान वर काढली तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता.

"आत कुणी खोकलं," तो म्हणाला.

"कॉम्प्रेसर," मी म्हणालो.

"प्लग कुठेय?"

प्लग आईच्या हातात होता. हॉटेलवाला गेला. भंगारवाला त्याच्या मागोमाग गेला.

उरलो आम्ही. आणि मग आईने कमरेची पिशवी सोडली. हे तिने मला सांगितलं नव्हतं. बाथरूमच्या टबांतून वाचवलेले पैसे, आणि दोन पाटल्या सोनाराकडे ठेवून आणलेले. परबांचा चेहरा खुलला. काका टाळ्या वाजवायच्या बेतात होते. बायकोने नवऱ्याचा फ्रीजर लिलावात घेतला, पैसे सरकारला मिळाले, फ्रीजर वर गेला, संपलं. इतकं सोपं होतं.

"दोन हजार," आई म्हणाली.

"दोन हजार शंभर," मागून आवाज आला.

सावलीत खुर्ची टाकून सरकारचा एक क्लार्क बसला होता. डोळे मिटलेले. आम्हाला वाटलं होतं तो नुसता हजर राहायला आलाय. वैदेहीने त्याच्याकडचा कागद बघितला आणि तिचा चेहरा उतरला. सरकारनेही बोली लावावी अशी कोर्टाची परवानगी होती.

"अडीच हजार," आई म्हणाली.

"सव्वीसशे."

"तीन."

"एकतीसशे."

"अहो, पण सरकारला मासळी ठेवायचीय का?" काका ओरडले.

क्लार्कने डोळे न उघडताच सांगितलं, "मला वरून सांगितलंय, नग सोडायचा नाही. आमचा माणूस आहे तो."

"तुमचा?" आई म्हणाली.

"आमचं देणं लागतो ना, म्हणून."

आईला खिशातून पैसे काढायचे होते. सरकारला काढायचेच नव्हते. सरकारचंच येणं, त्यातूनच वळतं होणार. तो माणूस झोपेत लाखोंपर्यंत जाऊ शकत होता. आई बोलत राहिली. पिशवीत होते त्याच्या पुढे बोलली, मग ताईच्या मंगळसूत्राच्या पुढे, मग फ्लॅटच्या. मी तिचा हात धरला. "आई, एवढे नाहीत आपल्याकडे."

"त्याला कुठं म्हायती हाय?" ती म्हणाली, आणि पुन्हा आकडा सांगितला.

"वर शंभर," क्लार्क म्हणाला.

तेव्हा फ्रीजरमधून घसा खाकरल्याचा आवाज आला. मोठ्याने. क्लार्कने पहिल्यांदा डोळे उघडले. सगळ्यांनी ऐकलं. आईने मान खाली घातली आणि गप्प झाली. बाबा घरात एवढ्या मोठ्याने खाकरायचे ते फक्त एकाच वेळी, आई दारात गिऱ्हाइकाशी भांडून हरायला आली की. पुरे, असा त्याचा अर्थ.

हमालांना फ्रीजर उचलेना. "रिकामा आहे ना?" एकाने विचारलं. "आत कोण बसलाय काय?"

"हां," आई म्हणाली. "सांभालून. उजवा गुडघा दुखतो त्याचा."

तरीही हिशेब मिटलाच नाही. बोली कितीही चढली तरी हिशेबात फ्रीजरचा भाव भंगाराचाच धरला, आणि तो खर्चात गेला. दरखास्तीचा खर्च, जप्तीचा, टेम्पोचा, सदूच्या ताशाचा. मूळ बाकी जिथे होती तिथेच आहे आणि तिच्यावर व्याज चालू आहे.

बाबांना पावणे गावच्या एका भाड्याच्या गोडाऊनमध्ये ठेवलंय, आजूबाजूला लेथ मशीनची वर्कशॉपं. आमच्या हॉलमध्ये गॅलरीच्या दाराशी आता एक लांबट रिकामी जागा आहे. आई तिथून चालत नाही, वळसा घालून जाते. दुपारी मी तिथे हात लावून बघतो. फरशी फरशीसारखीच असते. मला वाटलं होतं भीती बाबा होते तेव्हा वाटत होती. तसं नव्हतं, खरी भीती आता वाटते.

आई धंदा आटपून डबा घेऊन पावण्याला जाते. गोडाऊनचा वॉचमन सिताराम तिला आत सोडत नाही, सरकारी माल आहे म्हणतो. पण शटरबाहेर बसू देतो. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्या गोडाऊनला गटार नाय, पाइप नाय. मग दुपारी शटरखालून खारा पानी कुटना येतो? आनी मावशी त्याला बघून 'चढाय लागला' कशी म्हनते?" मी म्हणालो, कॉम्प्रेसर.

परवा आईने मला काकांचा जुना टाइपरायटर आणायला सांगितला. टाइप करताना मी एकदाही मान वर केली नाही, कारण ती माझ्या मागे उभी होती आणि शब्द न शब्द सांगत होती. वैदेहीने वाचून सही केली, आणि डोळे पुसून म्हणाली की हा दाखलसुद्धा होणार नाही. काकांनी फक्त 'मेहेरबान कोर्ट' मोठ्या अक्षरात करायला लावलं. अर्ज असा,

मेहेरबान दिवाणी कोर्टाच्या सेवेशी. अर्जदार दमयंती गोटीराम घरत, धंदा मासळी विक्री. अर्जदार विनंतीपूर्वक कळविते की, निर्णीत ऋणको गोटीराम यांच्या मालमत्तेची जप्ती करताना कोर्टाच्या नजरचुकीने एक जंगम नग घरी राहून गेला आहे. सदर नग म्हणजे अर्जदार स्वतः. लग्नात वडिलांनी अर्जदारास गोटीराम यांच्या हाती दिले, त्यास पंचक्रोशी साक्ष आहे, आणि गोटीराम यांनी अर्जदारास नंतर कुणाला विकल्याचा पुरावा नाही. सदर नग चालू स्थितीत असून विजेशिवाय चालतो, मासळी साफ करतो, जागा फार अडवीत नाही. सबब विनंती की, अर्जदारास तात्काळ जप्त करून पावणे येथील गोडाऊनमध्ये, त्याच शटरच्या आत, आधी जप्त केलेल्या नगाच्या शेजारी ठेवण्याचा हुकूम व्हावा. दोन्ही नगांचा लिलाव करणे झाल्यास एकत्रच करावा, सुटा करू नये. अर्जदारास सरकारकडून भत्ता नको, डबा घरून येईल.